कोणते औषध, कितव्या आठवड्यात?

दिवस गेल्याची बातमी तिसरा महिना पुरा होईपर्यंत घराबाहेर जाऊ द्यायची नाही, ही महाराष्ट्रातील अनेक घरांतील जुनी रीत आहे. चोरओटी भरली जाते तीही मोजक्या आपल्या माणसांत, गाजावाजा न करता. या रीतीमागे दृष्ट लागण्याची भीती असेल. पहिल्या महिन्यांत गर्भ टिकतो न टिकतो, या अनुभवातून आलेली सावधगिरीही असेल. तिला हसण्याचे कारण नाही. परंतु वैद्यकाच्या दृष्टीने पाहता, पोटात जाणाऱ्या प्रत्येक गोळीचा हिशेब ज्या काळात ठेवायला हवा, तो नेमका हाच काळ असतो. बातमी गुप्त असल्यामुळे ती दाढेवर उपचार करणाऱ्या दंतवैद्याला सांगितली जात नाही, अंगदुखीवर गोळी काढून देणाऱ्या दुकानदाराला तर नाहीच नाही. आणि पहिले काही आठवडे पुष्कळदा खुद्द त्या स्त्रीलाही ती ठाऊक नसते.

गर्भवती आणि औषध यांच्या संबंधात आपल्याकडे दोन वृत्ती शेजारी शेजारी नांदताना दिसतात. ‘एका गोळीने काय होते?’ ही पहिली. ‘पोटुशीला औषध म्हणजे विष’ ही दुसरी. एकाच घरात, एकाच सुनेच्या बाबतीत, या दोन्ही वृत्ती आलटून पालटून प्रकट होतात. डोके दुखले की कोणालाही न विचारता कपाटातली गोळी दिली जाते आणि फेफऱ्यावरचे वर्षानुवर्षे चालू असलेले औषध मात्र दिवस गेल्याचे कळताच बंद केले जाते. वरवर परस्परविरोधी भासणाऱ्या या वृत्तींचे मूळ एकच आहे. औषधाला एक ठरीव स्वभाव असतो, ते एक तर निर्धोक असते वा घातक असते, अशी समजूत दोन्हींच्या बुडाशी आहे. वस्तुतः गर्भारपणी औषधाचा परिणाम ठरतो तो औषध कोणते, मात्रा किती, आठवडा कितवा आणि ते न दिल्यास काय होईल या चार गोष्टींनी मिळून. हे चार प्रश्न विचारण्याची सवय समाजाला नाही आणि त्यांची उत्तरे गोळा करण्याची पुरेशी व्यवस्था शासनाने उभारलेली नाही, हे खरे दुखणे आहे.

थॅलिडोमाइडचा धडा

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुष्कळ डॉक्टरांचीही अशी समजूत होती की, आईच्या रक्तातील अपायकारक द्रव्ये वारेपाशी अडतात आणि गर्भ सुरक्षित राहतो. या समजुतीची जबर किंमत थॅलिडोमाइडने वसूल केली. पश्चिम जर्मनीतील ग्रुनेन्थाल कंपनीने ऑक्टोबर १९५७ मध्ये हे झोपेचे औषध बाजारात आणले. ते इतके निर्धोक म्हणून गाजवले गेले की, तेथे ते डॉक्टरच्या चिठ्ठीवाचूनही मिळे. सकाळच्या मळमळीवर गर्भवतींनाही ते दिले जाऊ लागले. हात-पाय खुंटलेली, खांद्यालाच पंजे फुटलेली मुले जन्मू लागली, तेव्हा हॅम्बुर्गचे डॉ. विडुकिंड लेन्झ आणि ऑस्ट्रेलियातील डॉ. विल्यम मॅकब्राइड यांनी १९६१ मध्ये या गोळीकडे बोट दाखवले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरअखेर जर्मनीत ती मागे घेण्यात आली. तोवर जगभरातील बाधित बालकांची संख्या दहा हजारांवर गेली होती. अमेरिकेत मात्र औषध प्रशासनातील डॉ. फ्रान्सिस केल्सी यांनी पुरेसा पुरावा नाही म्हणून परवानगी रोखून धरली आणि तो देश फार मोठ्या अनर्थातून वाचला.

या दुर्घटनेचा ‘गर्भारपणी औषध वाईट’ एवढाच बोध पुष्कळांनी घेतला. तो अपुरा आहे. थॅलिडोमाइडने अवयव खुंटले ते गर्भधारणेनंतर सुमारे २० ते ३६ दिवसांच्या अवधीत गोळी घेतली गेली तर. याच अवधीत बाह्यकर्ण, हात आणि पाय यांचा पाया क्रमाक्रमाने घातला जातो. म्हणून कोणत्या दिवशी गोळी घेतली यावरून कोणता अवयव बिघडेल हे ठरत असे. ज्या पोटांत ती पुढच्या महिन्यांत गेली, तेथे हात-पाय शाबूत राहिले. हेच औषध आज कुष्ठरोगातील विशिष्ट दाहावर आणि अस्थिमज्जेच्या एका कर्करोगावर, कडक बंधने घालून, वापरले जाते. गर्भाच्या घडणीचे वेळापत्रक न पाहता औषधाला चांगले वा वाईट ठरवता येत नाही, हा या प्रकरणाचा पुरा अर्थ होय.

वारेचे व्यवहार

हे वेळापत्रक ढोबळमानाने असे आहे. गर्भधारणेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अपाय झालाच तर बहुधा गर्भ टिकत नाही, किंवा टिकल्यास निर्व्यंग वाढतो. तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात मज्जारज्जू, हृदय, हात-पाय, टाळू यांची घडण होते. व्यंगाचा धोका सर्वाधिक तो या काळात. त्यानंतर अवयव वाढत आणि कामाला लागत असतात. तेव्हा रचना बिघडत नसली तरी कार्य बिघडू शकते. रक्तदाबावरील एका विशिष्ट गटातील औषधे दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीत बाळाची मूत्रपिंडे निकामी करतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या विसाव्या आठवड्यानंतर घेतल्यास गर्भजल घटू शकते आणि शेवटच्या महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक आवश्यक रक्तवाहिनी वेळेआधीच मिटू लागते. मेंदूची जडणघडण तर नऊही महिने चालू असते.

औषध बाळापर्यंत किती पोचते, हे वारेवर अवलंबून असते. लहान आकाराचे आणि स्निग्ध द्रव्यात विरघळणारे रेणू वारेतून सहज पार होतात. तोंडाने घ्यावयाची बहुतेक औषधे याच वर्गातली. हेपरीन व इन्सुलिन यांचे रेणू मोठे असल्यामुळे ते अलीकडेच राहतात. म्हणूनच रक्त पातळ करण्यासाठी वॉरफॅरिनऐवजी गर्भवतीला बहुधा हेपरीनचे इंजेक्शन दिले जाते. याहून उद्बोधक उदाहरण स्टिरॉइडांचे आहे. प्रेडनिसोलोनचा बराचसा भाग वारेतील विकर निष्क्रिय करून टाकते. डेक्सामेथासोनवर त्याची मात्रा फारशी चालत नाही. त्यामुळे आईच्या संधिवातावर वा दम्यावर प्रेडनिसोलोन आणि मुदतपूर्व जन्मू पाहणाऱ्या बाळाची फुप्फुसे पिकवण्यासाठी डेक्सामेथासोन, अशी निवड डॉक्टर करू शकतात. एकाच कुळातील दोन औषधांपैकी एक आईसाठी आणि दुसरे बाळासाठी ठरते, ते वारेच्या या व्यवहारामुळे.

औषध बाळाकडे गेल्यावरही त्याचा प्रवास संपत नाही. बाळाचे यकृत अपक्व असते. त्याच्या मूत्रावाटे बाहेर पडलेले औषध गर्भजलात मिसळते आणि तेच जल बाळ पुन्हा गिळते. इकडे आईचे शरीरही पूर्वीचे राहिलेले नसते. रक्तातील द्रवाचे प्रमाण सुमारे निम्म्याने वाढते, मूत्रपिंडे अधिक वेगाने काम करतात आणि काही औषधे यकृतात झपाट्याने विघटित होतात. परिणामी पूर्वी पुरणारी मात्रा आता अपुरी पडते. थायरॉइडच्या गोळीची मात्रा पुष्कळदा वाढवावी लागते. फेफऱ्यावरील लॅमोट्रिजिनची रक्तातील पातळी गर्भारपणी इतकी उतरते की, मात्रा न वाढवल्यास झटके परत येऊ शकतात आणि बाळंतपणानंतर ती वेळीच न उतरवल्यास अंगावर येऊ शकते. ‘गर्भारपण आहे, निम्मीच गोळी घे’ हा घरगुती सल्ला किती उलटा पडू शकतो, हे यावरून ध्यानी यावे.

बेफिकिरीचे मोल

‘एका गोळीने काय होते’ या वृत्तीला आपल्या देशात बाजारानेही खतपाणी घातले आहे. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन यांच्या तीव्र मात्रेच्या मिश्रणाचे उदाहरण या दृष्टीने आठवण्याजोगे आहे. दिवस गेले आहेत की नाहीत याची परीक्षा म्हणून आणि चुकलेली पाळी आणण्याची गोळी म्हणून हे मिश्रण भारतात सर्रास खपत होते. अशा संप्रेरक-परीक्षेचा जन्मजात व्यंगांशी संबंध असावा, अशी शंका ब्रिटनमध्ये डॉ. इझाबेल गाल यांनी १९६७ मध्येच प्रसिद्ध केली होती. तेथे ही गोळी १९७८ मध्ये बाजारातून गेली. भारतात १९८२ मध्ये बंदीचा आदेश निघाला; उत्पादकांनी न्यायालयातून स्थगिती मिळवली; मुंबईसह देशभरातील स्त्री-संघटनांना आणि आरोग्य कार्यकर्त्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले आणि १९८८ मध्ये कुठे बंदी अमलात आली.

या गोळीने व्यंगे निर्माण झाली की नाही, यावर तज्ज्ञांत आजही वाद आहे. ब्रिटनमधील तज्ज्ञगटाने २०१७ मध्ये पुरावा कार्यकारणभाव सिद्ध करण्यास पुरेसा नाही असे म्हटले. तर २०२० मध्ये बॅरोनेस कम्बरलेज यांच्या समितीने, शंका उद्भवल्यावरही गोळी चालू ठेवल्याबद्दल शासनयंत्रणेला दोषी धरले. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. लघवीची साधी तपासणी जे सांगू शकत होती, त्यासाठी ही गोळी देण्याचे काहीच प्रयोजन नव्हते. ज्या औषधापासून लाभ शून्य, त्याच्या बाबतीत शंकेला जागा असणे एवढे कारणही ते थांबवण्यास पुरेसे असते. लाभ मोठा असेल तर मात्र शंकेचे वजन निराळ्या तराजूत करावे लागते.

लाभ शून्य असणारी अशी औषधे आजही घेतली जात आहेत. मुलगाच व्हावा म्हणून सुनेला दिली जाणारी पुडी हे त्याचे सर्वांत लाजिरवाणे रूप. ही पुडी सहसा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, म्हणजे अवयवांच्या घडणीच्या काळात, दिली जाते. गर्भाचे लिंग गर्भधारणेच्या क्षणीच ठरलेले असते, तेव्हा तिचा उपयोग होणे संभवतच नाही. हरियाणात झालेल्या अभ्यासांत मात्र अशी औषधे घेतलेल्या मातांच्या बाळांत जन्मजात व्यंगांचे आणि मृतजन्मांचे प्रमाण अधिक आढळले. ‘झाडपाल्याचे आहे, अपाय नाही’ असे म्हणणाऱ्यांना वार झाडपाला आणि रसायन असा भेद करत नाही, हे सांगायला हवे.

भीतीचाही अपाय

दुसऱ्या टोकाची भीती दिसायला सोवळी, पण परिणामाने तितकीच घातक आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी पॅरासिटामॉलचा आणि मुलांतील स्वमग्नतेचा संबंध जोडून गर्भवतींना ते टाळण्याचा सल्ला दिला आणि ती वार्ता जगभर पसरली. तत्पूर्वी एकच वर्ष, २०२४ मध्ये, स्वीडनमधील सुमारे २४ लाख ८० हजार मुलांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. एकाच आईच्या मुलांची आपापसांत तुलना केली, तेव्हा असा संबंध त्यात दिसला नव्हता. तीव्र ताप अंगावर काढणे मात्र गर्भाला अपायकारक ठरू शकते. डॉक्टरांना विचारून, गरजेपुरती आणि कमीत कमी दिवस घेतलेली गोळी सोडून ताप सोसणारी आई बाळाचे रक्षण करते असे नव्हे.

फेफऱ्याच्या औषधांच्या बाबतीत तर दोन्ही बाजूंना दरी आहे. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या दर दहा मातांमागे सुमारे एका बाळात जन्मजात व्यंग आढळते आणि तीस ते चाळीस टक्के मुलांच्या बौद्धिक वाढीत अडचणी येतात. म्हणून गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रीला, पर्याय असताना, ते देऊ नये हे आता सर्वमान्य आहे. पण दिवस गेल्यावर घाबरून ते एकाएकी बंद केल्यास येणारे झटके आई आणि बाळ या दोघांच्याही जिवावर बेतू शकतात. औषध बदलण्याची वेळ गर्भधारणेपूर्वीची, लग्न ठरण्याच्या सुमाराची असते. आणि नेमकी तेव्हाच मुलीचा आजार सासरपासून लपवला जातो. आपल्या समाजातील लपवाछपवीचा हा दुसरा हप्ता पहिल्याहून महाग पडतो.

नागपूर-बेळगावचा अनुभव

औषध एकच, पण परिस्थिती बदलताच फळ बदलते, याचे जवळचे उदाहरण डेक्सामेथासोनचे आहे. न्यूझीलंडमधील लिगिन्स आणि हाउई यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले की, मुदतपूर्व प्रसूती होऊ घातलेल्या मातेला या जातीचे औषध दिल्यास बाळाच्या श्वसनाचा त्रास कमी होतो. ते गावोगावी पोचवावे, या सद्‌हेतूने सहा देशांत एक मोठी चाचणी घेण्यात आली. भारतातील तिची क्षेत्रे नागपूर आणि बेळगाव ही होती. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेले तिचे निष्कर्ष धक्कादायक निघाले. नवजातांचे मृत्यू घटण्याऐवजी एकूणात काहीसे वाढलेले आढळले. मातांमधील जंतुसंसर्गही वाढला. पुढे भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत, सोनोग्राफीने गर्भाचे वय नेमके ठरवून आणि नवजाताच्या देखभालीची सोय पाहून तेच औषध दिले गेले, तेव्हा मृत्यू घटले. हे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. बाटलीतले द्रव्य दोन्हीकडे एकच होते. फरक होता तो आठवडा अचूक ठाऊक असण्याचा आणि जन्मलेल्या बाळाकडे पाहणारे कोणी असण्याचा.

मोजदाद कोण करणार?

गर्भवतीबद्दलचे हे ज्ञान इतके तोकडे का, याचे एक कारण असे की, थॅलिडोमाइडनंतर तिला औषधांच्या चाचण्यांतून वगळण्याचाच प्रघात पडला. हेतू रक्षणाचा होता. परिणाम असा झाला की, चाचणी झाली नाही म्हणून औषध घेणे थांबले नाही, ते अंधारात घेतले जाऊ लागले. कोविडच्या लशींबाबत हेच घडले. भारतात लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. गर्भवतींना ते खुले झाले २ जुलै रोजी. दुसऱ्या लाटेचे भीषण महिने मध्येच निघून गेले होते.

वगळण्याला पर्याय आहे तो मोजण्याचा. बोट्सवानासारख्या लहान देशात एचआयव्हीवरील डोलुटेग्राव्हिर घेणाऱ्या मातांच्या बाळांची चिकाटीने नोंद ठेवण्यात आली. २०१८ मध्ये गर्भधारणेच्या वेळी हे औषध चालू असलेल्या ४२६ मातांच्या बाळांपैकी ४ जणांत मज्जारज्जूचे व्यंग आढळले आणि जगभर धोक्याची घंटा वाजली. नोंद थांबली नाही. संख्या हजारांत गेली तसा तो फरक मावळला आणि एक प्रभावी औषध स्त्रियांना पुन्हा मोकळे झाले. शंका निर्माण झाली ती मोजल्यामुळे. फिटली तीही मोजल्यामुळेच. आपल्याकडेही तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९८ पासून फेफरे असलेल्या गर्भवतींची नोंदवही चालवली जाते आणि तिच्यातून निघालेले निष्कर्ष परदेशी ग्रंथांतही आधाराला घेतले जातात. म्हणजे अशक्य असे यात काही नाही.

औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे. जन्मजात व्यंगांची तपासणी करणारा राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला. प्रत्येक गर्भवतीच्या हाती माता-बाल संरक्षण कार्ड दिले जाते. या तिन्हींची गाठ घालणे हे काम शासनाने हाती घ्यावे. कार्डावर प्रत्येक औषधाचे नाव आणि आठवडा लिहिण्याची ठळक जागा असावी. व्यंग आढळलेल्या बाळाच्या नोंदीत तो मजकूर उतरावा. आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली ही माहिती एकत्र पडताळणारे कोणी असावे. निर्व्यंग बाळांच्या मातांनी काय घेतले होते, हेही त्यात हवे. नाहीतर नुसत्या व्यंगांच्या यादीवरून कोणत्याही गोळीवर आळ घेता येईल.

हे सारे उभे राहण्यास वेळ लागेल. पण एका गोष्टीला वेळही लागत नाही आणि पैसाही लागत नाही. प्रजननवयातील स्त्रीच्या हाती गोळी ठेवण्यापूर्वी प्रत्येक डॉक्टरने, दंतवैद्याने आणि औषध दुकानदाराने तिची शेवटची पाळी कधी आली होती एवढे विचारावे, आणि तिने संकोच न करता ते सांगावे. बाळंतपण हा बाईचा पुनर्जन्म आहे असे म्हणत आलेल्या समाजाला एवढा प्रश्न जड जाऊ नये. तिसरा महिना पुरा होईतो शेजारीपाजारी बातमी कळली नाही तर काही बिघडत नाही. औषध देणाऱ्यापासून ती लपली, तर बिघडू शकते.